मेण आणि रंग

जुनी वस्तू स्वच्छ करताना मळ कोठे संपतो आणि वस्तू कोठे सुरू होते, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. पलसाण्याच्या आमच्या घरी गेल्या दिवाळीपूर्वी तो अनपेक्षितपणे उभा राहिला आणि अद्याप त्याने आमची पाठ सोडलेली नाही.

निमित्त झाले वडिलांच्या मोटारसायकलीचे. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा गाड्या तयार होऊ लागल्या. त्यांपैकी किरमिजी रंगाची एक गाडी वडिलांनी १९६८ साली घेतली आणि उसाच्या मळ्यांतून हिंडत तिच्यावर नोकरीची वीस वर्षे काढली. दर दसऱ्याला पूजेपूर्वी ते तिला मेणाचे पॉलिश लावीत. त्यांच्या पश्चात आम्हीही लावीत राहिलो. मात्र आधीचे मेण काढण्याचे कष्ट कधी घेतले नाहीत. थरावर थर चढले, त्यांत महामार्गाची धूळ अडकली, मेण पिवळे पडले आणि किरमिजी रंग गढूळ दिसू लागला.

मुलीच्या मुलाने सुचविले की, सरळ नवा रंगच मारून घ्यावा. मेणावर नवा रंग धरत नाही, खळगे पडतात. तेव्हा काहीही करावयाचे तरी आधी मेण काढणे भाग होते. पत्रा थंड असताना, सावलीत, आम्ही दोघांनी साबणाच्या पाण्याने धूळ धुतली. टर्पेंटाइनमध्ये भिजविलेले मऊ सुती कापड प्रथम टाकीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर फिरवून पाहिले; रंग हलला नाही. थिनरला मात्र आम्ही हात लावू दिला नाही, कारण तो मेणाबरोबर जुना रंगही विरघळवू शकतो. कापडावर पिवळसर काळा मळ येत गेला. दुसऱ्या दिवशी उरलेला निस्तेजपणा घालविण्यासाठी बारीक पॉलिशने घासू लागलो, तो कापड किरमिजी झाले.

तेथे हात थांबला. त्या काळच्या रंगावर आजच्यासारखे पारदर्शक कवच नसे. उन्हाने मेलेला वरचा पापुद्रा गेला तर बिघडत नाही. परंतु त्यापुढची प्रत्येक चमक रंगाच्याच मोलाने विकत घ्यावी लागते. पेट्रोलच्या झाकणाजवळ तर तळहाताएवढ्या जागेतून अस्तर डोकावत होते. गाडी उभी करताना वडील तेथे डावा हात टेकवीत.

"नाना," नातू म्हणाला, "मेणपण पणजोबांनीच लावलेलं ना? मग ते काढायचं आणि हा डाग ठेवायचा, असं कसं?"

त्या वेळी आम्हांस उत्तर देता आले नाही. सप्तशृंगगडावर २०२२ साली देवीच्या मूर्तीवर साचलेला शेंदराचा जाड थर काढण्यात आला, तेव्हा आतील मूळ रूप भाविकांस दिसले. तो शेंदूरही भक्तीनेच लावलेला होता. तरी तो काढल्याने भक्ती उणावली नाही. उलट, रोमच्या सिस्टीन चॅपेलमधील मायकेलअँजेलोची छतचित्रे १९८० नंतर स्वच्छ करण्यात आली, तेव्हा काजळीबरोबर त्या चित्रकाराचा अखेरचा हातही पुसला गेला काय, यावर अभ्यासकांत मोठा वाद झाला. म्हणजे काढणे सरसकट पापही नव्हे आणि पुण्यही नव्हे.

विचारांती आम्हांस असे वाटते की, मेण हे रक्षणासाठी असते. झिजणे आणि वेळोवेळी बदलले जाणे, हाच त्याचा धर्म. ज्याचे रक्षण करावयाचे त्यालाच ते झाकू लागले, की ते काढणे हाच लावणाऱ्याचा खरा मान. डाग मात्र कोणी लावलेला नव्हे. तो वस्तू वापरली गेल्याची नोंद आहे. आमची हयात महसूल खात्यात गेली. तेथे नोंद खरवडून काढता येत नाही. जुन्या खातेदाराचे नाव कंसात जाते, पण वाचता येते. खरवडलेला कागद स्वच्छ दिसतो; विश्वास मात्र त्याच्यावर कोणी ठेवीत नाही.

हे सारे आम्ही गाडीपुरते म्हणत नाही. पलसाणे बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होते, त्या काळात आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज या मुलखात आले. परमुलखात आपलेपण टिकावे म्हणून त्यांनी रीतिभातींचे मेण लावले, ते योग्यच होते. परंतु आमच्या मुलीने गुजराती घरात लग्न ठरविले, तेव्हा 'आपल्यात असे होत नाही' एवढ्या एका वाक्यावर आम्ही तिच्याशी दोन वर्षे बोललो नाही. त्या वाक्याखाली काय जपले जात होते, हे आम्ही पाहिलेच नाही. जपावयाची होती ती मुलगी. तिच्याच मुलाच्या मराठीतले गुजराती वळण आम्ही पुढे कित्येकदा घासून काढू पाहिले. तो तर टेकलेल्या हाताचा डाग होता.

गाडीस नवा रंग दिला नाही. मेणाचा एकच पातळ हात दिला आणि झाकणाजवळची जागा तशीच ठेवली. पुढच्या दसऱ्याला आधी जुने मेण काढावयाचे, असे नातवाने आमच्याकडून कबूल करून घेतले आहे.