वर सांगितलं होतं

जळगाव जिल्ह्यात एक कॉलेज होतं. त्याला नाव नको. बोधकथेतल्या राजाला तरी कुठे नाव असतं! कॉलेजच्या मागे मैदान, मैदानाच्या कडेला कडुनिंब आणि कुंपणापलीकडे केळीची बाग. या कॉलेजचा मुलींचा खो-खोचा संघ म्हणजे संस्थेची शान. प्राचार्यांच्या केबिनमध्ये काचेचं कपाट होतं, त्यात ढाली मांडलेल्या. पाहुणा आला की चहाच्या आधी कपाट दाखवायचे.

ढाली आणल्या त्या प्रशिक्षकाने. मानधनावरचा माणूस, पण त्याचा शब्द मैदानावर शेवटचा. संघात कोण, बाहेर कोण, शिबिराला कुणाला न्यायचं, ग्रेस गुणांच्या यादीत कुणाचं नाव घालायचं, सगळं त्याच्या हातात. आता कॉलेज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठी मुलं येतात. पण आपल्याकडे अकरावी-बारावीही कॉलेजातच भरते. त्या संघातल्या निम्म्या मुली सोळा-सतरा वर्षांच्या होत्या, म्हणजे कायद्याच्या लेखी बालकंच.

मैदानावर फक्की मारायला एक आप्पा होते. पहाटे साडेपाचला सुतळी ताणून खांबापासून खांबापर्यंत सरळ रेघ ओढायची, चौक आखायचे, पाण्याचा ड्रम भरायचा, संध्याकाळी मॅट झाडून ठेवायच्या. रोजंदारीवर होते. दर महिन्याला त्यांच्या हजेरीवर सही व्हायची ती क्रीडा संचालकांची.

नोव्हेंबरात सराव शिबिर लागलं. एका संध्याकाळी आप्पा फक्कीची गोणी आणायला साहित्याच्या खोलीशी गेले, तर दाराला आतून कडी. आप्पांनी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. बऱ्याच वेळाने प्रशिक्षकाने उघडलं. "गुडघा दुखावलाय हिचा, मालिश करत होतो," तो म्हणाला. त्याच्या मागून अकरावीतली एक मुलगी बाहेर आली. तिच्या हातात क्रेप बँडेज होतं. त्याचं प्लास्टिकही अजून फोडलेलं नव्हतं. मुलगी मैदानाकडे गेली नाही, नळाशी गेली आणि मान, गळा, हात धूत राहिली. चालताना ती लंगडतही नव्हती.

आप्पांनी विचारलं, "बेटा, काय झालं?"

"काही नाही. आप्पा, बाबांना सांगू नका. शिकणं बंद करतील."

तिचे वडील तापीकाठच्या गावात केळीच्या कापणीवर मजूर. आप्पा त्यांना ओळखत होते. बाजाराच्या दिवशी दोघांची गाठ पडायची. आप्पांनी बाबांना सांगितलं नाही. दोन दिवस ते स्वतःशीच धुमसत राहिले. तिसऱ्या दिवशी त्याच खोलीतून दुसरी मुलगी रडत बाहेर पडताना त्यांनी पाहिली आणि धीर करून क्रीडा संचालकांकडे गेले. कडी, बँडेज, नळ, रडणं, सगळं सांगितलं.

क्रीडा संचालक वाईट माणूस नव्हता. त्याला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तो उपप्राचार्य मॅडमकडे गेला आणि म्हणाला, "प्रशिक्षक मुलींशी जरा जास्तच जवळीक करतो, असं कानावर आलंय." मॅडमनी प्राचार्यांना सांगितलं, "शिबिरात काही मुलींना अवघडल्यासारखं वाटतंय." प्राचार्यांनी अध्यक्षांना फोन केला, "मुलींची प्रशिक्षकाबद्दल थोडी कुरबुर आहे, साहेब." गुळाची ढेप हातोहात फिरली की दर हाताला थोडा गूळ चिकटतो आणि शेवटच्या हाती खडाच उरतो, तसं झालं. आणि ज्याने ज्याने पुढे सांगितलं, त्याला त्या रात्री झोप लागली. जबाबदारी आपल्या पायरीवरून वर गेली होती ना!

कॉलेजच्या व्हरांड्यात तक्रार समितीचा फलक होता. त्यावरच्या अध्यक्ष बाई कधीच निवृत्त होऊन पुण्याला लेकाकडे गेल्या होत्या. यात त्या कॉलेजालाच बोल लावण्यात अर्थ नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाचा निकाल देताना, 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातल्या एका बातमीची दखल घेतली होती: देशातल्या 30 क्रीडा महासंघांपैकी 16 महासंघांत अशी समितीच नव्हती. अशी समिती सक्तीची करणारा, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 सालचा, आणि त्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत मैदान आणि क्रीडासंकुल स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे.

अध्यक्षांनी मात्र गोष्ट गंभीरपणे घेतली. फक्त कशाबद्दल गंभीर व्हायचं, ते त्यांनी निराळं ठरवलं. प्राचार्यांना बोलावून ते म्हणाले, "सर, 1994 विसरलात का? जळगावचं नाव सांगितलं की लोक कसं बघायचे?"

प्राचार्य कुठून विसरणार! त्या वर्षी जळगावातलं प्रकरण बाहेर आलं. फोटोंच्या धाकावर मुली-बायकांचं शोषण होत होतं, आणि त्यात गावातल्या वजनदार माणसांची नावं घेतली जात होती. तपासाला अरविंद इनामदारांसारखा अधिकारी आला, मीरां बोरवणकरही त्या तपासात होत्या. पण फिर्याद द्यायला पुढे आलेल्या बायका मोजक्याच. पुढे बरेच आरोपी सुटले. खानदेशात त्या वर्षाची आठवण आजही 'बदनामी' म्हणूनच निघते. बदनामी झाली ती बोलल्यामुळे, असं गावाने ठरवून टाकलं. त्याआधी इतका काळ कुणी बोललं नाही, याची कुणाला लाज वाटल्याचं ऐकिवात नाही. अध्यक्षांनी 1994 मधून धडा घेतला खरा, पण उलटा.

त्यांनी तोडगा काढला. प्रशिक्षकाला कामावरून काढायचं नाही, त्याने बोभाटा होतो. त्याने स्वतःहून निघून जायचं. हंगाम संपला, शाल-श्रीफळ झालं, "धुळ्याला घराजवळ संधी मिळते आहे" असं भाषणात आलं. सोबत संस्थेच्या लेटरहेडवर शिफारसपत्र: शिस्तप्रिय, मनमिळाऊ, मुलींच्या संघाचा विशेष अनुभव.

अकरावीतली ती मुलगी या समारंभाला नव्हती. तिने खो-खो सोडला होता, आणि दिवाळीनंतर कॉलेजही.

ही गोष्ट खानदेशातच घडू शकते, असं कुणी समजू नये. अमेरिकेत पेन स्टेट नावाचं विद्यापीठ आहे, तिथल्या फुटबॉलचा दबदबा मोठा. 2001 साली तिथल्या एका तरुण सहायकाने खेळाडूंच्या न्हाणीघरात जेरी सँडस्की या जुन्या प्रशिक्षकाला एका लहान मुलासोबत पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने ते मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना सांगितलं. पॅटर्नोंनी आपल्या वरिष्ठाला सांगितलं. गोष्ट विद्यापीठाच्या अध्यक्षांपर्यंत गेली. पोलिसांपर्यंत मात्र कुणी नेली नाही. सँडस्कीला अटक झाली 2011 मध्ये. मधल्या दहा वर्षांत तो मोकळा होता. 2012 मध्ये 45 आरोपांवर तो दोषी ठरला. पॅटर्नोंची नोकरी गेली आणि मैदानाबाहेरचा त्यांचा पुतळा विद्यापीठानेच काढून नेला. अध्यक्षांसकट तिघा वरिष्ठांना पुढे शिक्षा झाली. पॅटर्नोंनी कुणाला सांगितलं नव्हतं असं नाही. त्यांनी वर सांगितलं होतं.

तर प्रशिक्षक धुळ्याला आला.

तिथल्या कॉलेजला शिफारसपत्र आवडलं. पुढच्या हंगामात त्यांचंही शिबिर लागलं. मुलींच्या जेवणाचा ठेका एका मावशीकडे होता. मावशी अहिराणी बोलायच्या, कळण्याची भाकरी अशी थापायच्या की पोरी घरची विसरायच्या. कोण किती जेवतं, हे त्यांना न मोजता कळायचं. तीन दिवस एक पोरगी ताटावर बसून नुसती भाकरी कुस्करतेय, हे त्यांनी पाहिलं. चौथ्या दिवशी त्या तिच्याशेजारी बसल्या.

"काय व्हयनं व पोरी? माले सांग."

पोरीने सांगितलं, आणि मग तीही म्हणाली, "मावशी, घरी सांगू नका."

मावशींनी भांडी तशीच ठेवली. क्रीडा शिक्षकाला विचारलं नाही, प्राचार्यांची वेळ घेतली नाही. कागदावर लिहून आणा, असंही पोरीला म्हटलं नाही. तिला म्हणाल्या, "मी तुन्हा संगे शे," आणि मुलांच्या हेल्पलाईनचा 1098 लावला. तासाभरात त्या स्वतः पोलीस ठाण्यात होत्या.

आता मावशींना कायदा ठाऊक होता असं नाही. पण त्यांनी जे केलं, तेच कायदा सांगतो. 2012 च्या पोक्सो कायद्याचं 19 वं कलम म्हणतं की मुलावर असा अपराध झाल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा होईल अशी भीती आहे, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं. मुख्याध्यापकाला नव्हे, संस्थेला नव्हे, पोलिसांना. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. सद्भावनेने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही. न कळवणाऱ्याला 21 व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि आपल्या हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवणारा संस्थेचा प्रमुख असेल तर वर्षापर्यंत. मुलाने स्वतः सांगितलं नाही, तर त्याला मात्र दोष नाही. या कायद्यात शिडी नाही. आप्पांच्या आणि अध्यक्षांच्या डोक्यावर तो एकच ओझं ठेवतो.

महिला फौजदार साध्या कपड्यांत पोरीच्या घरी गेल्या आणि जबाब तिथेच घेतला. बालकल्याण समितीला कळवलं. मग त्यांनी प्रशिक्षकाची फाईल मागवली. त्यात ते शिफारसपत्र निघालं.

"मावशी, तुम्ही कॉलेजात कुणाला न सांगता थेट इकडे कशा आल्या?" फौजदार बाईंनी सहज विचारलं.

"बाई, मी ठेकावाली. मन्हावर कोन शे? कोनीच नई."

फौजदार बाई जळगाव जिल्ह्यात आल्या. चौकशी सुरू झाली, तशी कॉलेजात सगळ्यांची तोंडं एकाच वेळी उघडली. क्रीडा संचालक म्हणाले, मी मॅडमना सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, मी सरांना सांगितलं होतं. प्राचार्य म्हणाले, मी अध्यक्षांच्या कानावर घातलं होतं. अध्यक्ष म्हणाले, माझ्यापर्यंत आली ती कुरबुर, असला प्रकार मला कुणी सांगितलाच नाही. आणि गंमत म्हणजे यात कुणी खोटं बोलत नव्हतं. बाई प्रत्येकाचं ऐकून घ्यायच्या आणि खाली एकच प्रश्न लिहायच्या: पोलिसांना कधी कळवलं?

संस्थेच्या वकिलाने सांगितलं की न कळवणं हा किरकोळ गुन्हा, हायकोर्टात उडवू. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं उदाहरण त्याच्याविरुद्ध जात होतं. तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण 2019 मध्ये उघड झालं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहीत असून कळवलं नाही, असा आरोप होता. नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. महाराष्ट्र सरकार अपिलात गेलं आणि 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. माहीत असून न कळवणं हा गंभीर अपराध आहे आणि बहुतेकदा तो अपराध्याला वाचवण्याचाच प्रयत्न असतो, असं न्यायालयाने म्हटलं.

शेवटी फौजदार बाई मैदानावर आल्या. आप्पा फक्की मारत होते. त्यांच्याकडे आदल्या रात्रीच संस्थेचा माणूस येऊन गेला होता: तुम्ही काही पाहिलं नाही म्हणा, मार्चपासून कायम करून घेऊ. आप्पांनी हात झटकले. कडी, बँडेज, नळ, दुसरी मुलगी, सगळं पुन्हा सांगितलं. एवढ्या काळात त्यांच्याकडची गोष्ट तसूभरही आटली नव्हती.

"आप्पा, कायद्याने तुम्हीही कळवायला हवं होतं. माहीत आहे ना?"

"आता माहीत झालं, मॅडम. मला साक्षीदार करा नाहीतर आरोपी. पण त्या खोलीचं लिहून घ्या."

त्या आठवड्याच्या बाजारात मुलीचे वडील भेटले. ते भांडले नाहीत. त्यांनी विचारलं, "माझं घर तुम्हाला माहीत होतं ना, आप्पा?"

आप्पांनी होकार दिला. शिक्षण अर्धवट सोडून घरी आलेल्या पोरीवर बापाने कसा राग काढला, गावाने काय काय विचारलं, पुढच्या आखाजीला लग्न लावून टाकायचं कसं ठरत आलं होतं, हे सगळं वडिलांनी केळीच्या गाडीला टेकून सांगितलं. लग्न आता मोडलं होतं. पोरगी परत अकरावीला बसणार होती, दुसऱ्या कॉलेजात. "तारखेला याल का?" त्यांनी विचारलं.

"येईन."

पहिल्या दोन तारखा पुढे गेल्या. तिसरीला आप्पा उभे राहिले. बंद दाराआड साक्ष झाली. बचावाच्या वकिलाने सगळा जोर एकाच गोष्टीवर लावला: एवढं डोळ्यांनी पाहिलं म्हणता, तर त्याच संध्याकाळी पोलिसांत का गेला नाहीत? साक्षीदार गडबडेल, वर सांगितलं होतं म्हणेल, आणि मग वर कुणी काहीच ऐकलं नव्हतं हे दाखवता येईल, असा त्याचा हिशेब होता.

"भ्यालो, साहेब," आप्पा म्हणाले. "रोजंदारी जाईल म्हणून भ्यालो."

न्यायाधीशांनी ते शब्द तसेच टंकलेखकाला सांगितले. वकिलाने कागद चाळले आणि क्रीडा संचालकांना बोलवायला सांगितलं.