पानाच्या घरांतील अळी
(योहान 3:1-2, 19:38-40)



भातशेतांत एक लहान तपकिरी फुलपाखरूं उड्या मारल्यासारखें झपाट्यानें उडतें. त्याच्या पंखांवर पांढरट ठिपके असतात. मादी पातीवर एकेक अंडें घालते. त्यांतून निघालेली हिरवी अळी आपल्या रेशमानें पातीच्या कडा जुळवून नळीसारखें घर करिते, व तींच पातीं कुरतडून वाढते. पुढें ती रेशमाच्या धाग्यानें स्वतःस बांधून कोश होते. तिचें लपणें व्यर्थ नव्हे. पक्षी व गांधीलमाशा टपलेल्या असतात. परंतु पंख आल्यावर कोशांतच राहिलेलें पाखरूं तेथेंच मरतें.

निकदेम प्रभूकडे रात्रीं आला, तेव्हां प्रभूनें त्यास दवडिलें नाहीं. पुढें प्रभूला वधस्तंभीं दिल्यावर, शिष्य पांगले असतां, तोच निकदेम गंधरस व अगरू घेऊन उघडपणें आला.

पाणवठा व सोयरीक तुटेल या भयानें कोणी दार लावून प्रार्थना करीत असेल, तर उपदेशक बंधूंनो, त्यास धिक्कारूं नका. त्याच्या दारीं जाऊन त्याच्यासंगें गुडघे टेका. कोश फाडिल्यानें पंख येत नाहींत.

आणि लपलेल्या बंधो, तुझे पंख आले असतील, तर आतां बाहेर ये. प्रभु तुला धैर्य देवो. आमेन.