राहून गेलेली भेट

‘सिस्टर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॉन्व्हेंट शाळा येते, नाहीतर दवाखाना. त्यांनी सेवा करावी, राजकारणात पडू नये, अशी आपली ठरीव अपेक्षा. गंमत म्हणजे सिस्टर हेलन प्रेझाँ यांचीही स्वतःकडून चाळिशीपर्यंत हीच अपेक्षा होती.

त्यांचा जन्म १९३९चा, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, बॅटन रूज शहरात. वडील वकील, घरात कामाला कृष्णवर्णीय माणसं. १९५७ मध्ये त्या सेंट जोसेफच्या भगिनीसंघात गेल्या. वर्णभेद अवतीभवती इतका मुरलेला होता की तो वेगळा जाणवतच नसे. गरिबांसाठी प्रार्थना करावी, पुढचं देव पाहील, एवढीच त्यांची समज. न्यायाची भाषा करणाऱ्या भगिनींशी त्या वाद घालत. आपण नन आहोत, समाजकार्यकर्त्या नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

१९८० मध्ये मेरी ऑगस्टा नील या समाजशास्त्रज्ञ ननचं व्याख्यान त्यांनी ऐकलं. येशूची गरिबांसाठीची शुभवार्ता कोणती? सोसत राहा, वर गेल्यावर मिळेल, ही नव्हे. तर तुम्ही यापुढे गरीब राहणार नाही, ही. तेवढ्याने विचाराची कूस बदलली. पुढच्याच वर्षी त्या न्यू ऑर्लीन्समधल्या सेंट थॉमस या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत राहायला गेल्या.

१९८२ मध्ये कुणीतरी विचारलं, फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला पत्र लिहाल का? (‘फाशी’ आपला शब्द, तिथे विजेची खुर्ची होती.) पत्रच तर लिहायचं, म्हणून त्या हो म्हणाल्या. कैदी पॅट्रिक सोनिए. पत्रांमागोमाग लुइझियानातल्याच अंगोला तुरुंगात भेटी सुरू झाल्या. जिथून गुलाम आणले जात त्या आफ्रिकी मुलखाचं नाव मिरवणारा हा तुरुंग जुन्या मळ्याच्या जमिनीवर उभा आहे. ५ एप्रिल १९८४ला सोनिएला मृत्युदंड दिला, तेव्हा त्या साक्षीला होत्या. शेवटी माझ्या चेहऱ्याकडे पाहा, असं त्यांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. बाहेर आल्यावर त्यांना उलटी झाली.

इथवरची गोष्ट सिनेमामुळे अनेकांना ठाऊक असते. १९९३च्या त्यांच्या ‘डेड मॅन वॉकिंग’ या पुस्तकावर तो निघाला आणि त्यांची भूमिका करणाऱ्या सुझन सॅरंडनला ऑस्कर मिळालं. मला मात्र त्या पुस्तकातली एक कबुली अधिक मोलाची वाटते. सोनिएला भेटायला त्या जात राहिल्या, पण त्याच्या गुन्ह्यात ज्यांची मुलं मारली गेली त्यांच्या दारी गेल्या नाहीत. आपण गेलो तर त्यांचं दुःख वाढेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. खरं तर भीती वाटत होती. दयेचा अर्ज सुनावणीला आला तेव्हा मारल्या गेलेल्यांपैकी डेव्हिडचे वडील लॉइड लब्लाँक यांनी त्यांना विचारलं, इतके दिवस तुम्ही आमच्याकडे का आला नाहीत? गुन्हेगाराच्या बाजूने उभं राहताना शोकाकुलांकडे पाठ फिरली होती. पुढे त्यांनी खून झालेल्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘सर्व्हाइव्ह’ हा आधारगट उभा केला.

मृत्युदंडाबाबत चर्चला बदलायला वेळ लागला. त्यांनी १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांना पत्र लिहिलं. मृत्युदंड कोणत्याही परिस्थितीत अमान्य, हे धर्मशिक्षणाच्या ग्रंथात उतरलं ते २०१८ मध्ये, पोप फ्रान्सिस यांच्या काळात.

लब्लाँक यांना सोनिएची जन्मठेपही पुरली असती, असं त्यांनी नंतर सिस्टर हेलनना सांगितलं. पहाटे अंधारात ते एका छोट्या प्रार्थनाघरात जात. एकदा सिस्टर हेलनही त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसल्या.