पगार घेणारे आणि पगार देणारे

सकाळची लोकल पकडायची आणि एक तारखेची वाट पाहायची, यात वसईतल्या आपल्या कितीतरी घरांच्या दोन पिढ्या गेल्या. आता आपली मुले नोकरी सोडून कोणी केटरिंग, कोणी छोटासा कारखाना काढतात. दुकानाच्या आशीर्वादाला आपण आनंदाने जातो, आणि जावेच.

मात्र हाताखाली पहिला मुलगा ठेवला की पगार घेणारे आपण पगार देणारे होतो. गिऱ्हाइकाकडचे बिल थकते, बँकेचा हप्ता थांबत नाही. मग थांबतो तो त्या मुलाचा पगार. बँकेचा फोन येतो. तो बिचारा गप्प असतो.

मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, अशी आज्ञा अनुवादाच्या २४ व्या अध्यायात आहे. तो गरीब आहे, हे कारणही तेथेच दिले आहे. मालकाची वसुली झाली असेल तर, अशी सवलत तेथे नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्चेन्स' या परिपत्रकात न्याय्य वेतन हीच अर्थव्यवस्थेच्या न्यायाची कसोटी मानली.

सुरुवातीला आपणही घरी काही नेत नाही, असे आपण म्हणतो. खरे आहे. पण ती जोखीम आपण निवडली, त्याने नव्हे. नफ्यातही त्याचा वाटा नाही. गाळ्याचे डिपॉझिट आणि यंत्राची किंमत मांडताना त्याचा तीन महिन्यांचा पगार बाजूला काढता येत नसेल, तर माणूस ठेवण्याची वेळ अजून आलेली नाही. कदाचित नोकरी सोडण्याचीही.