हलगीचा नॉमिनी

चाळिशी नाकावर आली की मध्यमवर्गीय माणसाला मातीची ओढ लागते. त्याआधी हीच माती चपलेला लागली तर तो पायपुसण्यावर दहा वेळा पाय घासत असतो. पण डोक्यावरचे केस आणि गृहकर्जाचे हप्ते दोन्ही उतरणीला लागले, की तो नांदेडपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर अर्धा एकर रान घेतो. माझ्यासारखा कारकून असेल तर तो अर्धा एकर घेतलेला मित्र शोधतो. हे अधिक फायद्याचं. सातबारा त्याच्या नावावर आणि हुरडा आपल्या ताटात.

आमच्या भागात या ओढीला कारणही तसंच सबळ आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पाणी हा पदार्थ वाघिणीत बसून आपल्या स्टेशनावर उतरू शकतो हे पाहिल्यावर मराठवाड्यातला सुशिक्षित माणूस निसर्गाशी जरा जपून बोलू लागला. माझ्या मित्राने तर सुभाष पाळेकरांच्या पद्धतीने जीवामृत सुरू केलं. एका एकराला दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ते बेसन पिंपात पडताना पाहून आमची ही कळवळली. "एवढ्यात आपली दोन महिन्यांची भजी झाली असती हो!" गांडुळांच्या पंगतीला बोलावून माणसांना वाढलं नाही की कुठल्याही गृहिणीचा जीव असाच तुटायचा.

असो. पिकाचं मार्गी लागलं, की सेंद्रिय माणसाला सेंद्रिय करमणूक हवी असते. शेतावर टीव्ही नको, मोबाईल नको, मग संध्याकाळी करायचं काय? मित्र म्हणाला, "लोकवाद्य शिकू. घरच्या घरी." मग आम्ही वाद्याची निवड करायला बसलो. कर्जाचा अर्ज तपासावा तशी. माहूरच्या रेणुकेच्या गोंधळात वाजतं ते संबळ पाहिलं, पण दोन भांडी कमरेला बांधायची तर कमर दिसायला हवी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्यांच्या हातात असते ती दिमडी पाहिली. तुणतुण्याला एकच तार आणि एकच सूर. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला ते जन्मजातच येतं, शिकायचं काय? शेवटी हलगी ठरली. एक कडं, त्यावर ताणलेलं शेळीचं कातडं, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. वीज नाही, चार्जिंग नाही. दमट हवेत कातडं सैल पडलं तर शेकोटीवर शेकून घ्यायची. मित्र आनंदाने म्हणाला, "बघ, संपूर्ण पर्यावरणपूरक!" पहिल्या आठवड्यात त्याच्या गाईने पान्हा चोरला, पर्यावरणाचं मत तेवढं विचारायचं राहिलं होतं.

शिकवायला गावातलेच एक म्हातारे गृहस्थ येतात. आम्ही त्यांना मामा म्हणतो. एका शिकवणीचे पाचशे रुपये ठरलेत. पहिले पाचशे हातात घेऊन मामा थोडा वेळ नोटेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सायब, आमी वाजवीत हुतो तवा सुपभर जवारी मिळायची, ती बी वरून टाकायचे. आता तुमी शिकायला पैशे देताव, अन् बसायला खुर्ची बी देताव. हलगी तीच हाय का, बगावं लागंल."

त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे. दिवाळीत गावी आला होता. मित्राने त्याला मायेने विचारलं, "अरे, तू का नाही शिकत वडलांकडून?" तो हसून म्हणाला, "तुम्ही शिका ना सर. मला फक्त शिक म्हणू नका."

तो गेल्यावर मित्राने उसासा टाकला. "ही मुलं आपली कला सोडून चालली."

मी कॉमर्सचा माणूस. 'आपली' असा शब्द कुणी उच्चारला की माझी नजर आधी खात्यावरच्या नावाकडे जाते. हलगीचं खातं कोणाच्या नावावर आहे? गावगाड्यात लग्नाच्या वरातीपुढे, जत्रेत, प्रेतयात्रेपुढे ती वाजवायची मातंग समाजाने. वाजवायची म्हणजे वाजवावीच लागायची. वरातीत हा माणूस सर्वांच्या पुढे आणि पंगतीत सर्वांच्या मागे, तोही मांडवाबाहेर. आमचा मित्र ज्याला पर्यावरणपूरक म्हणतो त्या जुन्या गावात कचरा साठत नव्हता हे खरं. पण मेलेलं जनावर ओढून न्यायचं, सोलायचं, कातडं कमवायचं, ही कामं काही माणसांवर जन्मानेच टाकलेली होती. जमाखर्चाचा साधा नियम आहे, एका बाजूला जमा दिसली की दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी नावे पडलेली असते. गावाच्या खात्यात स्वच्छता जमा होत होती, तेव्हा ती नावे कोणाच्या पडली हे वेशीबाहेरच्या वस्तीला विचारावं. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडला आपल्या लोकांना मृत जनावराचं मांस आणि असली हीन मानली गेलेली कामं सोडायला सांगितलं, तेव्हा ते संस्कृती बुडवत नव्हते. थकलेलं खातं बंद करत होते.

आणि सोडण्याचा हक्क सगळ्यांना सारखा का नसावा? कुलकर्ण्याच्या नातवाला कुणी अडवून विचारत नाही, की बाबा रे, तू मोडीत दप्तर लिहिणं का सोडलंस? तो अमेरिकेला गेला की आपण पेढे वाटतो. हलगीवाल्याचा मुलगा चाकणला गेला, की मात्र कला बुडते! परंपरा जपायची जबाबदारी ज्याला त्या परंपरेत सर्वांत कमी मिळालं त्याच्यावरच टाकायची, ही वसुलीची अजब रीत झाली. एवढ्या जप्तीची नोटीस तर आम्ही बँकवालेही काढत नाही.

मग दुसऱ्या टोकाला जाऊन असं म्हणावं का, की ज्याचं त्याचं वाद्य ज्याच्या त्याच्या घरी, इतरांनी हातच लावू नये? ते मला पटत नाही. हाच तर जुना नियम होता, तो नव्या तत्त्वाच्या वेष्टनात परत कशाला आणायचा? शिवाय वाद्य बिचारं निर्दोष असतं. मातंग समाजात जन्मलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी अमर शेख आणि गवाणकरांबरोबर १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं आणि जी शाहिरी पूर्वी वाड्यासमोर मुजरा करायची, तिला गिरणी कामगारांची बाजू मांडायला उभी केली. तमिळनाडूत परई नावाचं असंच चामडी वाद्य आहे. त्यावरून एका जातीचं नाव पडलं, आणि त्या जातीवरून इंग्रजीला बहिष्कृतासाठी शब्द मिळाला. तिथे काहींनी मयताला परई वाजवणं सोडलं, तर काहींनी तीच परई ताठ मानेने रंगमंचावर नेली. मदुराईच्या वेलू आसान यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती परईसाठीच. सोडणारेही बरोबर आणि वाजवणारेही बरोबर. फरक एवढाच, की दोघांनी आपापलं स्वतः ठरवलं.

आता राहिलो आम्ही. शिकतो तर आहोत, पण कोण म्हणून? वारस म्हणून नव्हे. इथे मला बँकेतली एक गोष्ट कामाला येते. पुष्कळ लोकांचा समज असा, की नॉमिनी म्हणजे मालक. काउंटरवर रोज कोणीतरी त्यावरून माझ्याशी भांडतो. तसं नसतं. ठेवीदार गेल्यावर पैसे नॉमिनीच्या हातात देतात खरे, पण तो ते कायदेशीर वारसांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळत असतो. माझ्या मते शेतावर हलगी शिकणारा मध्यमवर्गीय हा हलगीचा नॉमिनी. वारस आज घ्यायला तयार नाहीत, म्हणून ठेव तात्पुरती आमच्या हातात.

हे एकदा मान्य केलं की बाकीचे नियम आपोआप निघतात. पोराच्या गिटारच्या क्लासला घासाघीस न करता फी भरतो, तशी मामांची फी भरायची. चहा आपल्याच कपात द्यायचा आणि दिला म्हणून मनात टाळ्या वाजवायच्या नाहीत. सोसायटीच्या गणपतीत वाजवलं तर आधी मामांचं नाव सांगायचं. 'एक पारंपरिक लोककला' असं मोघम म्हणून भागवायचं नाही. त्यांच्या मुलाने सोडली त्याबद्दल उसासे बंद. आणि उद्या त्याच्या मुलीला वाटलं, की आजोबांची हलगी शिकावी, तर जे काही आमच्या हातात उतरलं असेल ते तिला व्याजासकट परत.

व्याज फारसं नसेल, हे मामांनी आधीच कळवलंय. "सायब, आवाज निगायला," ते परवा म्हणाले, "पर तुमी टिपरू पेनावानी धरायलाव." मित्राची प्रगती बरी आहे. गाय पुन्हा दूध देऊ लागली आहे. तिला हलगी आवडली की तिची सवय झाली, हे कळायला मार्ग नाही.

नॉमिनीच्या फॉर्मवर एक रकाना असतो: ठेवीदाराशी नातं, असल्यास. बँकेत तो रिकामा ठेवला तरी फॉर्म परत जात नाही. हलगीच्या बाबतीत मात्र त्यातला 'असल्यास' खोडावा, रकाना नीट भरावा, आणि मगच टिपरू उचलावं.