जुनी मोटार आणि विक्रेत्याचे मौन

घरी मोटार असणे ही गोष्ट पुण्याच्या मध्यमवर्गात आता चैनीची राहिलेली नाही. वृद्ध आईवडील, दोन मुले, गणपतीला कोकणात जाण्याची वहिवाट आणि वर्षातून एकदा कुलदैवताचे दर्शन, एवढा प्रपंच ज्याला सांभाळावयाचा आहे त्याला सात माणसे बसतील अशी उंच व दणकट गाडी, जिला सर्वजण एसयूव्ही म्हणतात, हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. नव्या गाडीची किंमत मात्र पुष्कळ पगारदारांना झेपत नाही. म्हणून ते सहा-सात वर्षे वापरलेली गाडी शोधू लागतात. अशा वेळी स्नेह्यासोबत्यांकडून जो उपदेश मिळतो तो सर्व सावधगिरीचा असतो. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या, गाडी स्वतः चालवून पाहा, आरसी बुकावरील नाव व चासी नंबर ताडून घ्या, कर्ज फिटल्याचा दाखला मागा. हा उपदेश योग्यच आहे. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही की, विकणाऱ्याने आपणहून काही सांगावे अशी अपेक्षाच करावयाची नाही. या गृहीतकाचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. जे विकणाऱ्यास ठाऊक आहे आणि घेणाऱ्यास दिसू शकत नाही, ते सांगण्यास विकणारा नीतीने बांधलेला आहे काय?

मंडईत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. मेथीची जुडी ताजी आहे की कोमेजलेली, हे देणाऱ्याला जितके दिसते तितकेच घेणाऱ्यालाही दिसते. जुन्या मोटारीचे तसे नाही. पुष्कळ इंजिनांत टायमिंग बेल्ट नावाचा एक पट्टा असतो. तो ठराविक किलोमीटरांनंतर बदलावा लागतो. झाकणाखाली असल्यामुळे तो सहसा कोणी पाहत नाही. आणि तो चालत्या गाडीत तुटला, तर कित्येक इंजिनांत पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून मोठे नुकसान होते. ब्रेक ऑइलचा गुणधर्म असा की, ते हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ओलावा वाढला म्हणजे ते कमी उष्णतेला उकळू लागते. ते वर्षानुवर्षे बदलले नसेल, तर शहरात काही जाणवणार नाही. परंतु भरल्या गाडीने वरंधा किंवा ताम्हिणी घाट उतरताना, वारंवार ब्रेक दाबल्याने तापून त्यात वाफ धरते, आणि पाय दाबूनही गाडी आवरेनाशी होते. किलोमीटर दाखविणारे मीटर मागे घेता येते हे तर आता सर्वांस ठाऊक आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला जो पूर आला, त्यात माणसे दगावली आणि कित्येक वाहने वाहून गेली किंवा बुडाली, हे पुणेकर विसरलेले नाहीत. पाण्यात गेलेली गाडी धुऊन, वाळवून, आतील गालिचे बदलून थोड्याच दिवसांत पुन्हा देखणी करता येते. तारांच्या जोडांत शिरलेला गंज मात्र पुढे महिन्यांनी किंवा वर्षाने आपले काम दाखवितो. या सर्व गोष्टी मालकाला ठाऊक असू शकतात. घेणाऱ्याला त्या अर्ध्या तासाच्या फेरफटक्यात कळण्यासारख्या नसतात.

याबाबत कायदा काय म्हणतो हे पाहू गेल्यास मोठे मार्मिक उदाहरण हाती लागते. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या १७ व्या कलमात लबाडीची व्याख्या असून, केवळ मौन ही सामान्यतः लबाडी नव्हे असे तेथे सांगितले आहे. स्पष्टीकरणार्थ घोड्याचा दाखला आहे. एक मनुष्य आपला सदोष घोडा लिलावात विकतो. दोष त्याला ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. ही लबाडी नव्हे. पुढचा दाखला असा की, घोडा घेणारी ही विकणाऱ्याची स्वतःची, नुकतीच वयात आलेली कन्या आहे. अशा वेळी त्या नात्यामुळे दोष सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. तिसऱ्या दाखल्यात घेणारा म्हणतो, "आपण नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन." यावर विकणारा गप्प राहिला, तर त्याचे मौन हे बोलण्यासारखेच होय. मालविक्रीसंबंधीचा १९३० चा कायदाही, काही अपवाद सोडून, मालाचा चांगुलपणा पाहण्याचा भार घेणाऱ्यावरच टाकतो. न्यायालयाला साक्षीपुराव्यावर चालावे लागते. कोणाला काय ठाऊक होते याचा शोध घेत बसल्यास एकही व्यवहार पुरा व्हावयाचा नाही. म्हणून कायद्याने आपली रेघ अलीकडे ओढली, यात त्याचा दोष नाही. पण कायद्याची रेघ हीच नीतीची रेघ असे मानणारा मनुष्य आपल्या सोयीसाठी तसे मानतो.

हा वाद फार जुना आहे. रोमन पंडित सिसेरो याने इ. स. पू. ४४ मध्ये आपल्या पुत्राला उद्देशून कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात एक प्रसंग कल्पिला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन तेथे पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते त्याने सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? सिसेरो दोन स्टोइक तत्त्ववेत्त्यांची मते देतो. गुरू डायोजिनीस म्हणतो की, कायद्याने सांगावयास लावलेले दोष सांगितले व खोटे बोलले नाही म्हणजे पुरे. न सांगणे निराळे आणि लपविणे निराळे. शिष्य अँटिपेटर म्हणतो की, सर्व मनुष्ये एका समाजाचे घटक असताना, जे कळल्याने दुसऱ्याचे हित होईल ते त्याच्यापासून राखून ठेवण्याचा अधिकार आपणास नाही. सदोष घराच्या विक्रीचाही दाखला तेथेच आहे. सिसेरोचा निर्णय शिष्याच्या बाजूने पडतो. आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याने अज्ञानात राहावे अशी इच्छा धरणे, यालाच तो लपविणे म्हणतो.

आम्हांस हा निर्णय मान्य आहे. परंतु मोटारीच्या बाबतीत त्याला दोन कारणांची जोड द्यावीशी वाटते. पहिले असे की, मोटार विकणारा क्वचितच खरोखर गप्प असतो. विक्रीपूर्वी तो गाडीला पॉलिश करवितो, बसकांना नवी कव्हरे घालतो, इंजिन धुऊन घेतो. गाडी पाहावयास येणाऱ्याला या सर्व गोष्टी एकच वाक्य सांगत असतात, ते हे की, या गाडीची निगा राखलेली आहे. हे वाक्य खरे असेल तर उत्तमच. ते खोटे असेल, तर तोंडाने न बोलल्याने ते खरे होत नाही. दुसरे कारण याहून गंभीर आहे. ऱ्होड्सच्या लोकांनी धान्य महाग घेतले, तर त्यांचे पैसे गेले असते. ब्रेक न लागणारी गाडी घेणाऱ्याचे पैसेच जातात असे नाही. तिच्या मधल्या बाकावर त्याची आई व मुलगी बसलेली असते, आणि समोरून येणाऱ्या एसटीत चाळीस माणसे असतात. त्यांपैकी कोणीही त्या सौद्यात सहभागी नव्हते. करारविषयक कायद्याच्या त्या दाखल्याकडे या दृष्टीने पाहावे. आपल्या कन्येला जे सांगणे प्राप्त आहे, ते दुसऱ्याच्या कन्येला न सांगण्यास कोणते कारण पुरेसे होईल? नाते दूरचे असल्याने माया कमी होऊ शकते; घाटातला धोका कमी होत नाही.

कोणी म्हणेल की, असे असेल तर विकणाऱ्याने गाडीची कुंडलीच वाचून दाखवावी काय? तशी आवश्यकता नाही. जे त्याला ठाऊकच नाही त्याचा जाब त्याला विचारता येणार नाही. जे उघड आहे ते पाहण्याचे कष्ट घेणाऱ्यानेच घेतले पाहिजेत. टायरच्या कडेवर तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात तयार झाला हे चार आकड्यांत छापलेले असते, ते न वाचणाऱ्याने पुढे तक्रार करू नये. शेजारच्या गल्लीत तशीच गाडी स्वस्त मिळते, हे सांगण्याचेही बंधन विकणाऱ्यावर नाही. बंधन आहे ते एवढ्यापुरतेच: जो दोष त्याला ठाऊक आहे, जो दुसऱ्याला सहज दिसणार नाही, आणि जो कळता तर घेणाऱ्याने गाडी घेतली नसती, किंवा त्या किमतीला घेतली नसती, किंवा निदान घाटात नेण्यापूर्वी दुरुस्त करून घेतली असती.

येथवर विकणाऱ्याचे झाले. परंतु सर्व दोष त्याच्या पदरात टाकून घेणाऱ्याला साव ठरविणे न्यायाचे होणार नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये इतर दोघांसमवेत त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. त्याचा युक्तिवाद सोपा आहे. चांगली गाडी कोणती व वाईट कोणती हे घेणाऱ्यास ओळखता येत नाही. म्हणून तो सर्वांनाच मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीच्या मालकाचे नुकसान होते, म्हणून तो आपली गाडी बाजारात आणीत नाही. मागे राहतात त्यांत वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते. ते ओळखून घेणारा आणखी कमी देतो. अशा रीतीने अविश्वास हाच अविश्वासाला कारण होत जातो.

हे चक्र थांबविण्याचे सामर्थ्य काही अंशी घेणाऱ्याच्या हाती आहे, ही गोष्ट आमच्या मते पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. समजा, एका सद्गृहस्थाने आपणहून सांगितले की, क्लच प्लेट संपत आली आहे आणि ती बदलण्यास वीस हजार लागतील. घेणाऱ्याने वीस हजार कमी द्यावेत, हे रास्त. पण घासाघीस करण्यात पटाईत असलेले आपण तेवढ्यावर थांबत नाही. "क्लच गेला म्हणजे आणखी काय काय गेले असेल कोण जाणे," असे म्हणून साठ हजार कापतो, किंवा ती गाडी सोडून, काहीच न सांगणाऱ्या दुसऱ्या मालकाकडे जातो. पहिल्याने सत्य सांगितले म्हणून त्याला दंड झाला. दुसऱ्याला त्याच्या मौनाचे बक्षीस मिळाले. पुढच्या खेपेस पहिलाही बोलणार नाही. सत्य सांगणाऱ्याकडून सत्याच्या किमतीपेक्षा अधिक वसूल न करणे, हे घेणाऱ्याचे कर्तव्य होय. किंबहुना, जो एक दोष आपणहून सांगतो त्याच्या बाकीच्या बोलण्यावर अधिक विश्वास ठेवणे, हे शहाणपणाचेही आहे.

एक तिसरे कर्तव्य गाडी आपल्याजवळ असतानाचे आहे. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते व पुढे नूतनीकरण करता येते. म्हणजे एकाच गाडीला दोन-तीन मालक होणे हे ठरल्यासारखेच आहे. गाडी आपण घेतली तेव्हा ती कोणाच्या तरी हातून आली आणि आपल्या हातून ती कोणाकडे तरी जाणार. तेव्हा वेळेवर ऑइल बदलणे, केव्हा काय दुरुस्त केले याची पावती जपून ठेवणे, अपघात झाला असल्यास तो टिपून ठेवणे, या गोष्टी केवळ आपल्या सोयीच्या नाहीत. संगम पुलाजवळच्या आरटीओत गाडी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत आपली जबाबदारी सुटत नाही, हे तर कायदाही मानतो. नोंदीत नाव ज्याचे, भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या प्रकरणात सांगितले आहे. त्या नावाबरोबर आपल्याजवळची माहितीही पुढच्या मालकाच्या हाती गेली पाहिजे, एवढेच नीती त्यात घालते.

व्यवहारात हे कठीण नाही. विकणाऱ्याने एका कागदावर पाच-सात ओळी लिहाव्यात: काय बदलले, काय बदलावयाचे राहिले, गाडी कधी ठोकली किंवा पाण्यात गेली होती काय, आणि खाली सही करून तो कागद पावत्यांसह द्यावा. तसा कागद कोणी देत नसेल, तर घेणाऱ्याने तिसऱ्या दाखल्यातील मनुष्याप्रमाणे साक्षीदारासमक्ष स्वच्छ विचारावे, "आपण नाही म्हणत नाही, तेव्हा गाडी पाण्यात गेलेली नाही असे मी धरून चालतो." मग मौन हे मौन राहत नाही. आणि उत्तर खरे मिळाले, तर भाव ठरविताना त्या खरेपणाचा मान राखावा. नाहीतर पुढच्या घरी तोच प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.