परतीचे वचन

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण बालपणापासून इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचा शेवट आपल्या कानांवरून निसटून जातो. जखमी माणसाला टाळून याजक व लेवी पुढे गेले, शोमरोन्याला मात्र कळवळा आला, एवढ्यावर बहुतेक प्रवचने थांबतात. शोमरोनी मात्र थांबला नाही. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्याने त्या अनोळखी माणसाला उतारशाळेत नेले, त्याची शुश्रूषा केली आणि दुसऱ्या दिवशी रक्षकाच्या हाती दोन दिनार ठेवले. अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन, असेही सांगितले. एक दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची दिवसाची मजुरी. रक्कम फार मोठी नव्हे. मोठे आहे ते परत येण्याचे वचन.

‘माझा शेजारी कोण?’ असे विचारणाऱ्या शास्त्र्याला आपल्या कर्तव्याची सीमा आखून हवी होती. आपणही ती आखतो, फक्त माणसांभोवती नव्हे, तर काळाभोवती. एवढे केले की सुटलो!

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मान्य केली; २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्यावर आता नाव सांगण्याची सक्ती नाही; तो लगेच निघून जाऊ शकतो. पोलिसांच्या चौकशीच्या धास्तीने कित्येक जण पाठ फिरवत असत, म्हणून हा कायदा मला अत्यंत न्याय्य वाटतो. परंतु कायदा भय दूर करू शकतो; परत यायला तो कोणाला कसा सांगणार?

काही वर्षांपूर्वी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका रात्री रक्तबंबाळ पडलेल्या दुचाकीस्वाराला मी रुग्णालयात पोहोचवले. कोणी नाव विचारले नाही. गाडीत बसताना मला हायसे वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडा अभिमानही. तो तरुण जगला की नाही, हे मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी चौकशी करता आली असती. पापनिवेदनात मी याचा उच्चार कधी केला नाही, कारण यातले पाप नेमके कोणते, हेच मला शब्दांत सांगता येईना. त्या रुग्णालयावरून मी आजही आठवड्यातून दोनदा जातो.